काकीनाड्याचा पाऊस

आमच्या आसगावापासून समुद्र इतका लांब होता की थापा मारणाराही त्याचं नाव घेत नसे. पाणी म्हणजे गावामागचा तलाव, धानाच्या बांध्या आणि पलीकडची वैनगंगा. समुद्र भेटायचा तो फक्त कीर्तनात, तोही भवसागर म्हणून. बुवा तो तरून जायला सांगू लागले की माझे वडील डोमाजी शेजारच्याच्या कानाशी लागून विचारत, "किती हात खोल असंल हो?" बाबांना उत्तम पोहता येत होतं, त्यामुळे भवसागराचं त्यांना फारसं भय नव्हतं, आणि त्यामुळेच कीर्तनात त्यांना लवकर झोप लागायची. अशा माणसाने आपली थोरली मुलगी समुद्राच्या काठी दिली याचं कारण एकच. जावयाची नोकरी पक्की होती.

जावई मूळचे पवनीचे, विणकराच्या घरातले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढायचा नाही म्हणून घरातून पळाले आणि पुढे जमीनच संपली तेव्हा थांबले. काकीनाड्याच्या बंदरावर ते क्रेन चालवत. गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी माय तोंडाला पदर लावून हसली. "काकीचा नाडा? असं कसं बाप्पा गावाचं नाव?" झालं, आसगावाने ते नाव उचललं. आमच्या वावराला लागून आडकूकाकाचं वावर होतं. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याचं आणि बाबांचं दर पावसाळ्यात भांडण व्हायचं आणि दर दिवाळीला मिटायचं. तो चारचौघांत मुद्दाम विचारी, "काय डोमाजी, काकीचा नाडा बरा आहे ना? ढिला-गिला नाही ना झाला?" बाबा त्यावर विडी पेटवत आणि धूर त्याच्याच तोंडावर सोडत.

माझ्या या बहिणीचं नाव वच्छला, मी तिला बाई म्हणत असे. लग्नाआधी ती झोपेसाठी प्रसिद्ध होती. एकदा आमच्या गोठ्याची भिंत भर पावसात पडली, सगळं गाव कंदील घेऊन जमलं, बैल ओढून बाहेर काढले, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या बाईने सकाळी उठून विचारलं, "इतका उजेड कायचा येऊन राहिला?" तीच बाई पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती कोणी बदलून पाठवल्यासारखी. उजाडायच्या आत उठायची, अंगणात उभी राहून पूर्वेकडे तोंड करून वारा हुंगायची. गाय नवीन माणसाला हुंगते तशी. एका घट्ट झाकणाच्या डब्यात तिने काड्यापेटी, मेणबत्ती, मुरमुरे आणि गुळाचा खडा भरून ठेवला. पाण्याची भांडी काठोकाठ. मग तारेचं भेंडोळं घेऊन गोठ्याच्या पत्र्याच्या टिना आवळायला वर चढली.

"हे कायले करून राहिली?" मायने खालून विचारलं.

"तिकडे असंच करा लागते. दसरा झाला का सारे टिना आवळतात, नावा वर ओढतात."

"पावसाळा तं गेला ना, बाई."

"तवाच येते ते. पावसाळ्यातलं पानी वऱ्हाडासारखं येते माय, वाजत-गाजत, सांगून. हे कार्तिकातलं तुफान म्हंजे जेवनं झाल्यावर, भांडे घासून झाल्यावर येनारा पाहुना. त्याले काय उपाशी वापस पाठवता येते?"

तुफान हा तेलुगूतला तिला समजलेला पहिला शब्द, कारण तिकडेही तुफानाला तुफानच म्हणतात. मायला ती भीती काही पटली नाही. पण बाईने पिशवी भरून सुके झिंगे आणले होते, आणि ते वांग्यात शिजल्यावर सगळ्या घराला घाम फुटेपर्यंत आम्ही जेवलो, तेव्हा समुद्राचा काहीतरी उपयोग आहे हे मायने मान्य केलं.

पुढच्याच वर्षी त्या उशिराच्या पाहुण्याने आम्हाला स्वतःची ओळख करून दिली. आमच्याकडे धान कापलं की लगेच उचलत नाहीत. कापलेल्या मुठी बांधीतच, शेताच्या त्याच तुकड्यात, ओळीने आडव्या पसरून ठेवतात, त्याला कडपा म्हणतात. दोनतीन उन्हं खाऊन कडपा वाळला की त्याचे भारे बांधायचे, भाऱ्यांची रास रचायची, त्या राशीला पुंजणं. वर्षभराचं खाणं असं उघड्यावर, जमिनीवर, पालथं पडलेलं असतं ते नेमके हेच चार दिवस. त्या वर्षी त्याच चार दिवसांत निरभ्र आभाळ अचानक मळलं आणि पाऊस लागला. कडप्याला पाणी लागलं की धान पडल्या जागी उगवतं. आमच्या खालच्या बांधीत पांढरे कोंब आले, आणि त्या धानाचा भात खाताना वर्षभर घरात एक कुबट वास राहिला. पुढे जावयांच्या गावाकडचा कोणीतरी निरोप घेऊन आला की बाईच्या घराची कौलं उडाली, माणसं बरी आहेत. कधी? तर आमच्या पावसाच्या आदल्या दिवशी.

माय तेव्हा सुपात तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले. "म्हंजे ते तिच्या घरून निघून आपल्या घरी आलं."

मी पवनीला शाळेत जात होते, माझ्याकडे नकाशाचं पुस्तक होतं. मी तिला काकीनाडा दाखवलं आणि भंडारा दाखवलं. तिने बोटं पसरून अंतर मोजलं. वीतही भरली नाही. "आन मले म्हनतात पोरगी दूर देल्ली," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमच्या पावसाला तिने काकीनाड्याचा पाऊस असंच नाव ठेवलं.

यातून मायच्या देवपूजेची मोठी पंचाईत झाली. तोवर तिचं सोपं होतं, पाऊस दे आणि पाऊस थांबव एवढ्याच दोन मागण्या, आलटून पालटून. आता कार्तिक लागला की ती देवीपुढे बसून मोठ्याने वाटाघाटी करायची. वादळ वच्छीच्या गावाला नको, आमच्याही गावाला नको. मग कुठे? देवीलाही जागा सांगायला हवी ना. एकदा बाबांनी ऐकलं की ती वादळ ओरिसाला नेऊन सोडायला सांगते आहे.

"काहून, तिकडे का मानसं नाहीत?" बाबांनी विचारलं.

"आहेत. पन माह्या ओळखीचे नाहीत."

बाबांनी मात्र देवीपेक्षा रेडिओवर भरवसा ठेवला. संध्याकाळी हवामानाची बातमी लागली की घरात भांडं वाजवायची सोय नसे. निवेदक शेवटी सांगायचा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, आणि बाबा दर वेळी अगदी मनापासून म्हणत, "नाही जात, बाप्पा." हळूहळू गावातले लोक कापणीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर येऊन बसू लागले. ज्यांनी तलावापलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं ते विडी ओढत विचारत, "डोमाजी, समुद्र काय म्हनते?" आणि बाबा कपाळाला आठ्या घालून सांगत, "आज तं चूप आहे." समुद्राशी सोयरिक जुळल्यामुळे बाबांचा मान वाढला, हे आडकूकाकाला मुळीच आवडलं नाही, पण तोही येऊन बसे. चहा फुकट होता.

आता वादळांना नावं असतात. माझा नातू मोबाइलवर पांढरा भोवरा फिरवून दाखवतो, इथे आहे, आता इथे आहे, परवा इथे येईल. नावं अशी लाडिक की एखाद्याने मुलीचं ठेवावं. आमच्या वेळची वादळं बिननावाची होती आणि त्यांची खबर यायला एकच रस्ता होता. नत्थूसेठची भातगिरणी.

गावात फोन तिथेच होता, लाकडी पेटीत, कुलपात. बाईने ठरवून दिलं होतं, तिकडे बंदरावर धोक्याचा बावटा लागला की ती गिरणीत फोन करील. व्यवस्थेत खोट एकच होती. आयुष्यभर गिरणीच्या धडधडाटात उभं राहून नत्थूसेठला ऐकू येईनासं झालं होतं आणि तो ते कबूल करत नसे. जे ऐकू येत नसे ते तो स्वतःच्या मनाने भरून घेई. मन दयाळू, त्यामुळे त्याच्याकडून येणारे सगळे निरोप चांगलेच असत. एकदा एका घरी म्हातारी गेल्याचा निरोप त्याने लेकरू झाल्याचा म्हणून पोचवला आणि लोक बुंदीचे लाडू घेऊन मौतीच्या घरी पोचले.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी धान असं पिकलं होतं की बाबा धुऱ्यावर उभे राहून उगाच खाकरत, लोकांनी वळून बघावं म्हणून. कापणी झाली. गावभर कडपे पडले होते. दुपारी नत्थूसेठ स्वतः आमच्या अंगणात आला, भुवयांवर कोंडा, चेहरा आनंदाने फुललेला.

"डोमाजी, पोरीचा फोन आलता. येऊन राहिली म्हनते."

"कोन, वच्छी?"

"होय ना. आवाज मोठा खरखर येत होता, पन मी बरोबर ऐकलं. येऊन राहिली. बाबाले सांगा, सामान उचला म्हने. लवकर म्हने. तीनदा बोलली."

बाईला तेव्हा चालू लागलेली मुलगी होती, आम्ही तिला एकदाच पाहिलं होतं. पुढे विचारायचं कोणाला सुचलं नाही. माय परसातून कोचईची पानं तोडून घेऊन आली. आमच्याकडे अळूला कोचई म्हणतात, आणि पाहुणा गोडाचा असो की तिखटाचा, कोचईच्या वड्यांशिवाय तो आला असं धरत नाहीत. बेसन कालवलं, पानं थापली, गुंडाळ्या वाफवल्या, तळणाचा वास पार तलावापर्यंत गेला. बाबांनी बैल धुतले. बंडीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरली, त्यावर गोधडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं फाट्यावर जाऊन थांबलो. नागपुराकडची गाडी तिथे थांबायची.

एक गाडी आली. दोन बकऱ्या आणि एक मास्तर उतरले. दुसरी आली, ती थांबलीच नाही. बाबा प्रत्येक वेळी बंडीवरून उतरून धोतर झटकत आणि परत चढून बसत. आभाळ स्वच्छ निळं होतं. फक्त वारा पूर्वेकडून येत होता आणि बैल सारखे त्या बाजूला माना वळवत होते. फाट्यावर चहाची टपरी होती, तिच्यात रेडिओ. दुपारच्या बातम्या लागल्या आणि निवेदकाने एका सुरात सांगितलं की बंगालच्या उपसागरातलं वादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्याला धडकत आहे, आणि विदर्भाच्या पूर्व भागात चोवीस तासांत जोराचा पाऊस होईल.

बाबांनी कपाळाला हात लावला, पण सुटकेने. "बरं झालं. निघाली पोरगी वेळेवर."

माझ्या डोक्यात नत्थूसेठचं वाक्य फिरत होतं. येऊन राहिली. सामान उचला. लेकरू घेऊन येणारी बाई सामान उचला असं एक दिवस आधी फोन करून कशाला सांगेल? आणि बाबा सामान उचलत नाहीत का न सांगता? लवकर कशाला? मग मला ते ऐकू आलं, बाईच्या आवाजात, खरखरीतून.

"बाबा, ते सामान नाही. धान म्हनलं तिनं. धान उचला."

"नत्थूसेठ सामान म्हनला."

"नत्थूसेठले ऐकू येते का? ती येऊन नाही राहिली. तुफान येऊन राहिलं म्हनत होती."

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना समजलं होतं, माझ्याही आधी समजलं असेल. पण सामान म्हटलं असेल तर पोरगी कुठल्यातरी गाडीत खिडकीशी बसलेली होती, मांडीवर लेकरू घेऊन. आणि धान म्हटलं असेल तर ती या घटकेला काकीनाड्यात होती. ते बंडीवरून उतरले, टपरीच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "तू बंडी घेऊन जा. मी थांबतो. आनखी गाड्या आहेत. ती आली आन कोनीच नसलं तं?"

मी बंडी वळवली. मुलीने बंडी हाकणं आमच्या गावात बसत नव्हतं, पण बैलांना ते कोणी सांगितलं नव्हतं. मी सरळ वावरात गेले. शेजारी आडकूकाका आपल्या कडप्याजवळ उकिडवा बसून दाणा दाताखाली चावून पाहत होता.

"काका, धान उचला. तुफान आहे. रातीपर्यंत पानी येते."

"कोन म्हनते?"

"बाई."

"काल तं तीच येऊन राहिली होती. आज तुफान येऊन राहिलं. उद्या कोन, काकी?" त्याने आभाळाकडे पाहिलं. एक ढग नव्हता. "ओलं आहे अजून. असंच रचलं तं आतून गरम होऊन सडंल. तुह्या बहिनीच्या भरवशावर मी सडवू का?"

बोलणं खरं होतं. मी कासोटा खोचला आणि भारे बांधायला लागले. कोणीतरी गावात सांगितलं असावं, थोड्या वेळात माय पळत आली, हाताला उरलेल्या वड्यांचं बेसन तसंच. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग वाकली आणि कडपा असा कवळू लागली की जणू धानाचंच काही चुकलं होतं. भारा आवळता आवळता एवढंच म्हणाली, "कान नाहीत त्या नत्थूले, तं फोन कायले ठेवला?"

आडकूकाका धुऱ्यावर उभा राहून आमच्याकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पाऊस येईल असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. पण समजा आलाच, तर डोमाजीचं धान कोरडं आणि आपलं भिजलेलं, हे दृश्य त्याला सहन होईना. त्याने एक सणसणीत शिवी दिली, कोणाला ते कळलं नाही, आणि आपल्या पोरांना हाका मारल्या. आडकू उचलतो म्हटल्यावर त्याचा भाऊ उचलू लागला, भाऊ उचलतो म्हणून पलीकडचे. आमचं गाव त्या दिवशी शहाणपणाने किंवा विश्वासाने वाचलं असं मी कधी म्हणणार नाही. ते जळकेपणाने वाचलं, आणि तो गुण आमच्याकडे मुबलक असल्यामुळे बरंच धान वाचलं.

दिवस कलला तेव्हा पूर्वेकडे एक काळी रेघ उठली. त्याच वेळी बाबा फाट्याकडून पायी येताना दिसले. एकटेच. हातात काही नाही, बरोबर कोणी नाही. आल्या आल्या ते पुंजण्यावर चढले आणि खालून आम्ही फेकलेले भारे झेलत राहिले. ताडपत्री बांधून होते न होते तोच पहिले थेंब आले, मोठे, तिरपे. खालची बांधी राहिली ती राहिलीच.

पाऊस ओसरला, पण काकीनाड्याची खबर येईना. रेडिओ म्हणे मोठी हानी, संपर्क नाही. घरात परातभर वड्या होत्या. माझ्या आयुष्यात आमच्या घरी तळलेलं उरलं ते तेव्हाच. मायने देवीपुढे दिवा लावणं बंद केलं. मी लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. मी तिले दुसरीकडे ने म्हनलं होतं. ऐकलं नाही तिनं." मग चुलीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "आन मी कोनाच्या घरी ने म्हनलं होतं, तेबी आठवते मले."

बाबा रोज गिरणीत जाऊन फोनच्या पेटीजवळ बसत. आणि नत्थूसेठने, ज्याला निरोपाचा घोळ कळल्यापासून मान वर करवत नव्हती, भर हंगामात गिरणी बंद ठेवली. धडधडाटात घंटी ऐकू आली नाही तर? शांततेतही त्याला ती ऐकू येत नव्हतीच. म्हणून तो फोनवर तळहात ठेवून बसायचा. घंटी हाताला कळते, म्हणायचा. लोक धान घेऊन यायचे, दारातून हे दोघे बसलेले पाहायचे आणि पोती तशीच ठेवून जायचे. आडकूकाकाने त्या दिवसांत आमच्या बैलांना वैरण घातली आणि नाड्याचं नाव काढलं नाही.

एका सकाळी नत्थूसेठचा हात थरथरला. त्याने फोन उचलला आणि कानाला न लावता सरळ बाबांच्या हातात दिला. बाबांनी जन्मात फोनवर बोललेलं नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि ऐकत राहिले. "हो," म्हणाले. "हो. हो." फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो." मग फोन ठेवला. गिरणीच्या दारात आम्ही सगळे उभे होतो, माय सगळ्यांत पुढे.

"काय म्हनाली?"

"काइ समजलं नाही," बाबा म्हणाले. "पन आवाज तिचाच होता."

माय गिरणीच्या उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मग नत्थूसेठला दोन शब्द सुनावले, मग त्यालाच घरी जेवायला बोलावलं.

एवढ्या खबरीवर बाबांचं भागलं नाही. रस्ते सुरू झाल्याचं कळलं तसे ते आणि मी निघालो, तांदळाचं पोतं घेऊन. हिंदी मला येत होती, तेलुगू कोणालाच नाही, म्हणून मी. गाडी बदलत बदलत, पोत्यावर बसत आम्ही पोचलो तेव्हा दिसलेलं काकीनाडा नकाशातल्यासारखं नव्हतं. नारळाच्या झाडांना डोकी नव्हती. रस्त्याच्या मधोमध एक नाव पडली होती आणि लोक तिला वळसा घालून सायकली नेत होते. बाई एका शाळेच्या व्हरांड्यात सापडली, चुलीशी, कडेवर लेकरू. जावई कुठेतरी ढिगारे उचलायला गेले होते. तिने बाबांना पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "धान उचललं ना?"

"उचललं," बाबा म्हणाले. नत्थूसेठची गोष्ट त्यांनी तिला सांगितली नाही. ती मी सांगितली, संध्याकाळी, आणि ती इतकी हसली की लेकरू घाबरून रडायला लागलं.

बाईचं घर गेलं होतं, डबा राहिला होता. मुरमुरे दोन दिवस पुरले, तेही शेजारणीसोबत वाटून. त्या शेजारणीचं नाव पोलम्मा. तिचा नवरा बावटा लागायच्या आधीच समुद्रात गेला होता आणि अजून आलेला नव्हता. बाई म्हणाली, ती सकाळी जाऊन काठावर बसते, दुपारी कोणीतरी जाऊन जेवायला आणते.

बाबांनी बाईला एकदाच विचारलं, "चलते का आसगावले? दर साली कार्तिकात तरी?"

"आन मंग वापस येऊन काय पाहू, बाबा? इथे राहूनच आवळा लागते सारं." बाई म्हणाली. "घर आहे माह्यं."

पोलम्माला जेवायला आणायचं होतं, तेव्हा बाबाही आमच्याबरोबर निघाले. अशा रीतीने माझ्या वडिलांनी समुद्र पाहिला. मी काहीतरी भयंकर बघायला मिळेल म्हणून मनाची तयारी केली होती. तो तर निवांत पसरला होता, उन्हात चकचकत, काठाशी बारीक बारीक लाटा. पोलम्मा वाळूत बसली होती. बाबांनी चपला काढल्या, तिच्यापासून चार हात सोडून बसले, मौतीच्या घरी पुरुष बसतात तसे, गुडघ्यांभोवती हात, नजर समोर. बाईने तिला हाक मारली, ती उठली नाही.

मग बाबा समुद्राकडे पाहत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाहा, कसा बसला आहे साला. म्हैस लोकाचं वावर चरून येते आन मंग अशीच रवंथ करत बसते, जसं काइ केलंच नाही."

पोलम्माला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार. तिने बाबांकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि आपल्या भाषेत त्याला काहीतरी सुनावलं, थुंकून. बाबांनी मान हलवली आणि आपल्याकडची एक शिवी दिली, बैल अडून बसला की देत ती. तिने आणखी एक दिली, लांबलचक. त्यांनी आणखी एक. अशी ती दोघं किती वेळ त्याला शिव्या देत बसली कोण जाणे. बाई माझ्या शेजारी उभी होती, तोंडावर हात दाबून. पोलम्मा काय म्हणाली ते मी तिला किती वेळा विचारलं, पण बाईने ते अजूनही मला सांगितलेलं नाही.